घंटा कुणाच्या वेळेला?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या शाळेच्या दारात लिंबाच्या फांदीला रेल्वे रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. साडेदहाला त्यावर टोला पडायचा. प्रार्थना व्हायची, हजेरी व्हायची, आणि मग मी वर्गाच्या दारात उभा राहायचो, उशिरा येणाऱ्यांना अडवायला. बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं लहान गाव. दोन शिक्षकांची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी.

तिसरीतली एक मुलगी रोज पाऊण तास उशिरा यायची. आई सकाळी खुरपायला गेली की दीड वर्षाच्या भावाला भरवायचं, त्याचं तोंड धुवायचं आणि त्याला कडेवर घेऊनच शाळेकडे पळत सुटायचं. मी तिला म्हणायचो, बाळाला घरी ठेवून ये. घरी कुणीच नसायचं, पण ते ती मला सांगायची नाही. दाराबाहेर उभी राहायची आणि आत पाढे सुरू असले की तिथूनच ओठ हलवायची. दोन-तीन आठवड्यांनी ती यायची बंद झाली. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल शाईनं गैरहजेरी मांडत गेलो.

आज इतक्या वर्षांनी मला तिचं नाव आठवतं, त्या तिमाहीत कुणाला किती गुण पडले ते एकही आठवत नाही.

श्रोतेहो, विद्यार्थ्यांच्या वेगवेगळ्या गरजा हा विषय निघाला की बोलणं लगेच पैशावर येतं. रॅम्प हवा, विशेष शिक्षक हवेत, साहित्य हवं, संगणक हवा. हे सगळं हवंच, त्यासाठी भांडायलाही हवं. पण एक गोष्ट शाळेच्या हातात आजही आहे आणि तिला पैसा फारसा लागत नाही. ती म्हणजे वेळ. दिवसातली वेळ, वर्षातली वेळ आणि एकेका मुलाला द्यायचा वेळ. आज मी तेवढ्याबद्दलच बोलणार आहे.

त्या मुलीचा प्रश्न मला त्या वेळी सुटला नाही. पण आपल्याच महाराष्ट्रात तो कितीतरी आधी सोडवून झाला होता. १९४५ साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक भावनगर-मुंबईकडचं आपलं काम मागे ठेवून बोर्डीला आल्या. आजच्या पालघर जिल्ह्यातलं हे समुद्रकाठचं गाव. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. त्यांनी बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. साहित्य उचललं आणि बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी वाडी, म्हणून अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. आज गावोगावी अंगणवाडी आहे. ती मुलांच्या दारात का गेली होती, एवढी गोष्ट मात्र आपण विसरलो.

पुढे त्याच भागातल्या कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झालं, वारली आदिवासी मुलांसाठी. तिथे मुलं दिवसभर गुरांमागे. शाळेसाठी गुरं कोण सोडणार? तेव्हा या बायांनी कुरणशाळा काढली. गुरं चरतात तिथे शिक्षक जायचे. बिया, पानं, शंख-शिंपले मोजायला, माती अक्षरं गिरवायला. गुरांवर नजर ठेवत मुलं शिकायची. आणि माझ्या तिसरीतल्या मुलीसारख्या ज्या मोठ्या बहिणी होत्या, त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. बहीण पाढे म्हणते आहे आणि भाऊ पलीकडच्या पाळण्यात झोपला आहे. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मला फक्त एक गोधडी अंथरायची होती, वर्गाच्या कोपऱ्यात.

आम्ही ती पुढे अंथरली. माझ्या सहकारी बाईंनी अंथरली, खरं तर. आणि आम्ही दुसरी एक गोष्ट केली. पहिला पाऊण तास गोष्टींचा, चित्रांचा, मोकळ्या वाचनाचा ठेवला आणि भाषा-गणिताचे पाठ सव्वाअकरानंतर सुरू केले. उशिरा येणारं मूल गोष्टीत मध्येच येऊन बसलं तरी चालतं. हातच्याच्या वजाबाकीत मध्येच आलं तर ते दिवसभर हरवतं. एवढ्या बदलानं आमच्या दारात कुणी उभं राहिनासं झालं.

कुणी म्हणेल, यानं शिस्त मोडते. मग उन्हाळ्याचं काय? मार्च लागला की आपण सकाळची शाळा करतोच. ऊन मुलांना सोसत नाही हे आपल्याला पटलेलं आहे. २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा आदेश राज्य शासनानं काढला, कारण मुलांची झोप पुरी होत नाही. योग्यच केलं. उन्हासाठी, झोपेसाठी घंटा हलते. मग गुरांसाठी, पाळण्यासाठी, आणि कोयत्यासाठी का हलू नये?

कोयता म्हटलं की आमच्या भागात ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी डोळ्यांसमोर येते. दोघं मिळून एक कोयता. पावसाळ्यातच टोळी जमवणारा मुकादम गावात येतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे वाटतो. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ट्रकमध्ये बसतात आणि पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. आमचं दुसरं सत्र सुरू व्हायचं तेव्हा निम्मा वर्ग रिकामा. ती मुलं परतायची मार्च-एप्रिलमध्ये, वार्षिक मूल्यमापनाच्या तोंडावर. म्हणजे जे शिकवलंच नाही, त्याचा पेपर पुढे.

तिकडे त्यांचा दिवस कसा असतो? पहाटे अंधारात आईबाप उसाच्या फडावर जातात. मूल जरा मोठं असेल तर कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, धाकट्यांना सांभाळतं, पाणी भरतं, वाढ्याच्या म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधू लागतं. पलीकडे अर्ध्या कोसावर शाळा असते. तिची घंटा त्यांना ऐकूही येते.

यावर उपाय आहेत. हंगामी वसतिगृह हा त्यातला माझ्या मते सगळ्यात चांगला. मूल गावातच आजी-आजोबांकडे राहतं, सकाळ-संध्याकाळचं जेवण गावातच शिजतं, दुपारी शाळेचा पोषण आहार असतोच. आई जाताना कमी रडते, हे मी पाहिलं आहे. पण याची मंजुरी दसऱ्याच्या आत गावात पोचायला हवी. ती दिवाळीनंतर आली तर मुलं ट्रकमध्ये बसून गेलेली असतात आणि भांडी तशीच राहतात. हे माझ्या डोळ्यांदेखत दोन वर्षं झालं. कुणाच्या टेबलावर कागद अडला ते सांगत बसत नाही, पण कागदाला जो उशीर होतो तो मुलांच्या वर्षातून वजा होतो.

जे मूल बरोबर जातंच, त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, मूल कितवीत आहे आणि कुठवर शिकलंय ते नव्या शाळेला सांगणारं. ते जाताना त्याच्या दप्तरात असायलाच हवं. कार्ड नसलं, दाखला नसला, तरीही प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्याच कायद्याचं कलम ९ मी अनेक बैठकांतून वाचून दाखवलं आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका यांचं कर्तव्य, असं ते म्हणतं. आणि शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरवण्याचं कामही त्याच कलमानं स्थानिक प्राधिकरणावर सोपवलं आहे. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास भरले पाहिजेत, ही अट आहे. पण ते दिवस नेमके कुठे बसवायचे, यावर विचार करायला जागा आहे. ऊसतोडीच्या तालुक्यात परतलेल्या मुलांसाठी एप्रिलअखेर आणि मे महिन्यात वर्ग का भरू नयेत? आम्ही आमच्यापुरतं एवढं केलं की गणिताचा आणि वाचनाचा कठीण भाग जून ते दिवाळीत आणला आणि परिसर अभ्यासाचा बराचसा पुढे ढकलला. परत आलेल्या मुलांना निदान वाचता येत असायचं. उरलेलं ती पुस्तकातून काढू शकायची.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, सांगायला जड जाते अशी. माझी पहिली नेमणूक मेळघाटात, धारणी तालुक्यात होती. पहिलीचा वर्ग, सगळी कोरकू आदिवासी मुलं. मी चित्र दाखवलं, हंड्यातून पाणी ओतणारी बाई. विचारलं, हे काय? एक मुलगा उभा राहिला, हसत म्हणाला, "डा." मी म्हटलं, चूक. बस खाली. कोरकूत पाण्याला डा म्हणतात. त्याचं उत्तर पूर्ण बरोबर होतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. त्या मुलानं त्यानंतर कित्येक महिने तोंड उघडलं नाही, आणि मी डायरीत लिहिलं, विद्यार्थी मंद आहे.

मला कोरकू शिकवली ती शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. दोनशे-अडीचशे शब्द, एवढंच. पण फळ्यावर एका बाजूला डा आणि दुसऱ्या बाजूला पाणी असं लिहायला लागलो तेव्हा मुलं बोलू लागली. मराठी त्यांना शिकायचीच आहे, पुढे सगळा व्यवहार तिच्यातून आहे. पण पहिलं वर्ष त्यांच्या भाषेतून गेलं तर दुसऱ्या वर्षी मराठी झपाट्यानं येते, असा माझा अनुभव आहे. शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवावं, हे शिक्षण हक्क कायद्यातही आहे. नंदुरबारच्या पावरा मुलांना, गडचिरोलीच्या माडिया मुलांना हेच लागू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटीहून जास्त होती. त्यांच्यातली कितीतरी मुलं पहिलीच्या पहिल्या दिवशी एका परक्या भाषेत येऊन बसतात.

वर्गातल्या वेळेबद्दलही थोडं. चौथीच्या वर्गात एकाला धडा घडाघडा वाचता येतो, एक जोडाक्षराला अडतो आणि एकाला अजून मात्रा-वेलांटीतला फरक कळत नाही. तिघांना एकच धडा शिकवून काय होणार? रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून वाचन जसं येतं तसे गट करावेत. त्यात चौथीतल्या मोठ्या मुलाला दुसरीतल्या लहानग्यांबरोबर बसायची लाज वाटते. ही लाज फार खरी असते, ती हसण्यावारी नेऊ नका. आम्ही त्या मुलांना त्या गटाच्या गोष्टींच्या पुस्तकांचं काम दिलं. पेटी उघडायची, पुस्तकं वाटायची, लहानांना चित्रं दाखवायची. दाखवता दाखवता ते स्वतः वाचू लागले. आणि ज्याचं गणित पाच मिनिटांत होतं, त्या मुलालाही गरज असते. तो खोड्या काढतो कारण त्याला काम उरलेलं नसतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, आधीच्या कायद्यात ७ होते. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितात येणारा अडथळा, आता त्यात आहे. आमच्याकडे एक मुलगा तोंडी सगळं सांगायचा, लिहायला बसला की अक्षरं उलटीपालटी. त्याला वर्षानुवर्षं आळशी म्हटलं गेलं. परीक्षेत जादा वेळ मिळतो, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी बापाची रोजंदारी बुडते. प्रमाणपत्र येईल तेव्हा येईल. वर्गात त्याची तोंडी परीक्षा घ्यायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. दुसऱ्या एका मुलीला ऐकू कमी यायचं. ती माझ्या ओठांकडे पाहून समजून घ्यायची, आणि मी फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलायचो. फिरत्या विशेष शिक्षकांनी ते पहिल्या दिवशी दाखवून दिलं. तेव्हापासून मी आधी लिहितो, मग वळतो, मग बोलतो. त्यानं सगळ्या वर्गालाच नीट ऐकू येऊ लागलं.

श्रोतेहो, प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. सह्यांचं रजिस्टर फिरवून ती बैठक संपवली जाऊ नये. पितृपक्ष सरत आला की मुकादमांच्या गाड्या गावात दिसू लागतात. त्याच सुमाराला बैठक बोलवायला सांगा. कोणती मुलं जाणार, कोणती आजीकडे राहणार, वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का, कार्डं भरली का, एवढं त्या बैठकीत विचारा. आणि तुमचं गाव कारखान्याच्या भागात असेल, तर दिवाळीनंतर कोप्यांवर एक फेरी मारा, तिथल्या मुलांना बरोबर घ्या आणि तुमच्या शाळेत नेऊन बसवा. एखादी मुलगी कडेवर बाळ घेऊन आली, तर गुरुजींना सांगा, तिला आत घ्या.

नमस्कार.