पाण्याचं रॉकेट, प्रिंटरचे पंख

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण रॉकेट बांधणार आहोत. दारूचं नाही, पाण्याचं. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, तिच्यात थोडं पाणी, पंपाने भरलेली हवा, आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेले पंख नि टोपी. आकडे बरेच आहेत, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

दारूचं का नाही, हे आधी सांगतो. परदेशात मॉडेल रॉकेटसाठी कारखान्यात भरलेली छोटी मोटर विकत मिळते. नेहमीची मोटर १८ मिलीमीटर जाड आणि ७० मिलीमीटर लांब असते, आणि विजेच्या तारेने लांबून पेटवतात. आपल्याकडे ती सहजासहजी मिळत नाही. मग पोरं फटाके फोडून दारू गोळा करतात, नाहीतर मोबाईलवर पाहून घरीच मिश्रण करायला बसतात. यात बोटं जातात, डोळे जातात. शिवाय परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि आपल्या मराठवाड्यात आणखी एक अडचण. रान मोकळं होतं ते ज्वारी-हरभरा निघाल्यावर, आणि नेमकी तेव्हाच बांधावर वाळलेलं गवत आणि खळ्यावर कडब्याची गंजी असते. तिथे ठिणगी नकोच. पाण्याच्या रॉकेटला एका वेळी पाऊण लिटरसुद्धा पाणी लागत नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या गावालाही एवढं परवडावं.

आता प्रिंटर. बऱ्याच शाळांतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये तो आहे, पण त्याच्याकडून कोणतं काम घ्यायचं आणि कोणतं नाही, हे ठरलेलं असलं पाहिजे. पंख, पंखांचं कडं, टोपी, पॅराशूटच्या खणाची तळचकती, एवढं प्रिंट करायचं. ज्याच्या आत हवेचा दाब राहणार असं काहीही प्रिंट करायचं नाही. नळी नाही, तोटी नाही, झाकण नाही, दोन बाटल्या जोडणारा सांधा तर मुळीच नाही. प्रिंटची वस्तू थरावर थर चढवून होते. थर एकमेकांना चिकटलेले असतात, पण एकजीव नसतात. दाब आला की हवा त्या फटींतून झिरपते आणि थर एकदम उकलतो, तुकडे उडतात. कुणी म्हणेल, चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून प्रिंट केलेल्या इंजिनाचं रॉकेट उडवलं होतं ना? उडवलं. पण ते इंजिन धातूचं होतं. आपल्या हातात प्लॅस्टिकची तार आहे.

दाब पेलायचं काम बाटलीचं, आणि ती तोंड खाली करून उडते. ती दोन किंवा सव्वादोन लिटरची आणि फसफसणाऱ्या पेयाचीच हवी. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, ती चालत नाही. बाटलीला भोक पाडू नका, पॉलिश पेपर मारू नका, गरम गोंदाची बंदूक लावू नका आणि फेविक्विकही नको. गरम गोंदाने भिंत मऊ पडून वाकते, फेविक्विकने ती ठिसूळ होते. वस्तू चिकटवायची ती दुहेरी टेपने आणि वरून चिकटपट्टीचे वेढे देऊन. पांढरी रेघ किंवा चुण्या पडलेली बाटली सरळ बाजूला काढा.

पंख तीन पुरेत. बुडाशी १० सेंटिमीटर, टोकाशी ५, बाहेर निघालेली रुंदी ८ आणि जाडी १.६ मिलीमीटर. असा एक पंख साधारण १२ ग्रॅमचा होतो. तो प्रिंटरच्या पाटावर आडवा झोपवून काढा. उभा काढला तर थर पंखाच्या बुडाला समांतर येतात आणि जमिनीवर पहिल्यांदा आदळला की तिथेच मोडतो. पंख कड्यातच एकसंध काढू नका. कड्याला खाचा ठेवा, म्हणजे मोडलेला तेवढा बदलता येईल. खाच पंखाच्या जाडीपेक्षा ०.२ ते ०.३ मिलीमीटर मोठी ठेवा. कड्याचं माप बाटलीवरूनच घ्यायचं: दोरा गुंडाळा, त्याची लांबी ३.१४ ने भागा. सगळ्या बाटल्या सारख्या जाडीच्या असतात या भरवशावर राहिलात तर कडं बसणार नाही.

प्रिंट चालू असताना लाईट गेली तर? मशीन पुन्हा तिथूनच सुरू होतं खरं, पण तोवर खालचा थर थंड झालेला असतो. त्या रेषेवर वस्तू कच्ची राहते. टोपी असेल तर चालवून घ्या. पंख असेल तर फेकून द्या आणि प्रिंटर इन्व्हर्टरवर लावा. दुसरी भानगड उन्हाची. पीएलए नावाचं नेहमीचं प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. परभणी-नांदेडच्या एप्रिलमध्ये बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेले पंख दुपारपर्यंत केळीच्या पानासारखे लवतात. वाकलेल्या पंखाचं रॉकेट गिरक्या घेतं. पीईटीजी मिळालं तर तेच घ्या, ते उष्णता जास्त सोसतं. मात्र पावसाळ्यात ते हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकण घट्ट लावून ठेवा.

टोपी पोकळ आणि हलकी हवी, २५ ग्रॅमच्या आत. टोक गोल ठेवा. अणकुचीदार टोक दिसायला छान, पण ते कुणाच्या तरी डोक्यावर यायचं. गोल टोकावर स्पंजचा तुकडा चिकटवला तर उत्तम.

टोपीखाली पॅराशूटचा खण. तो प्रिंट करण्यापेक्षा दुसऱ्या बाटलीचं मधलं नळकांडं कापून टेपने जोडा, वजन निम्म्याने कमी होतं. खाली तळचकती, वर पॅराशूट. पॅराशूटला कचऱ्याच्या पातळ पिशवीचं ६० सेंटिमीटरचं गोल पान आणि आठ दोऱ्या पुरतात. पाणी संपलेलं रॉकेट २०० ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि एवढ्या पॅराशूटवर ते सेकंदाला चार मीटर वेगाने खाली येतं. टोपी वरून नुसती टेकवायची, दाबून बसवायची नाही. रॉकेट शिखरावर मंदावून वळलं की ती आपोआप निसटते. दोरीचं एक टोक टोपीला आणि दुसरं खणाला बांधा, म्हणजे टोपी हरवत नाही.

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. रॉकेट सरळ जावं म्हणून पुढच्या बाजूला वजन लागतं, आणि हात आपसूक टोपीत माती भरायला जातो. मग काय होतं? पाणी संपल्याक्षणी हवा धडाला मागे ओढते, जड टोपी आपल्या वेगाने पुढे निघते आणि पॅराशूट भर वेगात उघडून फाटतं. वजन टोपीत नाही, खणाच्या तळचकतीवर बसवा. ४० ते ५० ग्रॅम शाडूची माती पुरते. नट-बोल्ट, नाणी, छर्रे असलं कडक काही नको.

वजन पुरेसं आहे का हे तपासायला संगणक लागत नाही. रॉकेटची बाह्याकृती पंखांसकट खरडपुठ्ठ्यावर काढून कापा आणि तो पुठ्ठा पट्टीच्या धारेवर तोला. जिथे तोलतो तिथे खूण करा. मग पाण्याविना खरं रॉकेट पॅराशूटसकट दोरीवर तोला. रॉकेटचा तोलबिंदू पुठ्ठ्याच्या खुणेपेक्षा टोपीकडे किमान एका बाटलीच्या जाडीइतका, म्हणजे ११ सेंटिमीटर तरी पुढे हवा. नसेल तर माती वाढवा किंवा पंख मोठे करा. या कसोटीत नापास झालेलं रॉकेट उडवू नका. ते वर न जाता आडवं फिरतं आणि थेट माणसांत येतं.

आता उडवायचं स्टँड. अर्धा इंची जीआय पाइप घ्या. त्याची बाहेरची जाडी २१.३ मिलीमीटरच्या आसपास असते आणि बाटलीचं तोंड आतून २१.७ च्या. दुकानात बाटली घेऊनच जा, पाइप तोंडात सुरळीत सरकला पाहिजे. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप ढिला होतो, शेतीचा २० मिलीचाही ढिलाच. लेथवाल्याकडून पाइपावर दीड मिलीमीटर खोल खाच पाडून घ्या आणि तिच्यात २ मिलीमीटर जाडीची रबरी ओ-रिंग बसवा. खाचेच्या वर १८ सेंटिमीटर पाइप बाटलीच्या आत राहू द्या. म्हणजे पाइपाचं तोंड पाण्याच्या वर राहतं, पाणी नळीत उतरत नाही, आणि निघताना रॉकेटला सरळ वाटही मिळते.

बाटली धरून ठेवायला ४.८ मिलीमीटर रुंदीचे आठ-दहा केबल टाय पाइपाभोवती उभे लावा आणि खालून होज क्लिपने आवळा. टायची डोकी बाटलीच्या गळ्यावरच्या गोल कड्याच्या बरोबर वर अडकली पाहिजेत. बाहेरून ५० मिलीच्या पीव्हीसी पाइपाचा चार सेंटिमीटरचा तुकडा चढवा. तो वर असताना डोकी आत दाबलेली राहतात; दोरीने खाली ओढला की डोकी बाहेर फाकतात आणि बाटली सुटते. ६० पौंड (दर चौरस इंचाला) दाबाला बाटली साधारण १५ किलोच्या जोराने सुटायला बघते, तेवढं हे टाय आरामात धरतात.

पाइपाच्या बुडाशी एक टी लावा. एका तोंडाला पंपाची नळी, दुसऱ्या तोंडाला बॉल व्हॉल्व्हचा कॉक. हा कॉक दाब सोडून द्यायला आहे, त्याच्या दांडीलाही लांब दोरी बांधा. पंपाची नळी पाच मीटर तरी हवी आणि ती कॉम्प्रेसरची हवी. घरात ठिबकची नळी पडलेली असते म्हणून ती लावू नका, ती एवढ्या दाबासाठी केलेलीच नाही. दाब दाखवणारा काट्याचा मीटर पंपाजवळ बसवा. नळी आणि बाटली यांच्यामध्ये टायरचा व्हॉल्व्ह नको. तो मध्ये आला की काटा नळीतला दाब दाखवतो, बाटलीतला नाही. स्टँडला अँगलचा चौकोन करून त्यावर मातीची दोन पोती ठेवा. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, नुसत्या खुंट्या तिच्यात हलतात.

पहिली चाचणी रॉकेट न उडवता. बाटली काठोकाठ पाण्याने भरा, हवेचा बुडबुडा नको. स्टँडवर चढवून पोतं झाका आणि लांबून ९० पौंडांपर्यंत दाब द्या. पाणी दबत नाही, त्यामुळे बाटली फुटलीच तर नुसते शिंतोडे उडतात. हीच बाटली हवेने भरलेली असताना फुटली तर गोष्ट वेगळी. ९० ला दोन मिनिटं टिकलेली बाटलीच ६० ला वापरायची. ६० पौंड म्हणजे सुमारे चार बार. तिथून पुढे जायचं नाही, मग बाजूच्या गावाचं रॉकेट कितीही वर जाऊ दे.

उड्डाणासाठी सकाळी सात ते नऊची वेळ घ्या. शंभर मीटर चहूबाजूंनी मोकळं रान हवं, वरून महावितरणची तार नको, जवळ विमानतळ नको. तारेवर अडकलेलं रॉकेट काठीनेही काढायचं नाही; तिथेच सोडा आणि वायरमनला कळवा. वारा ताशी १५ किलोमीटर असला तर ४० मीटरवरून उतरताना रॉकेट तेवढंच, सुमारे ४० मीटर, वाहवत जातं. काठीला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी आडवी ताठ उभी राहत असेल तर त्या दिवशी घरी जा.

आणि विहिरी. आपल्या रानात बिनकठड्याच्या विहिरी आहेत, प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी आहेत, ज्यांच्या निसरड्या काठावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पॅराशूट उघडलं की सगळी पोरं मान वर करून धावत सुटतात. म्हणून आधीच ठरवून टाका: कुणीही धावायचं नाही, रॉकेट आणायला एकच मोठा माणूस जाईल. विहीर दोनशे मीटरच्या आत असेल तर तिच्या काठावर एक माणूस उभा करा.

बाटलीचा तिसरा हिस्सा पाणी भरा, सहाशे-सातशे मिलीलिटर. पाणी जास्त झालं तर रॉकेट जड होतं आणि हवेला जागा उरत नाही. कमी झालं तर ढकलायला काही उरत नाही. स्टँड आडवा करा, बाटलीचं तोंड किंचित वर ठेवून पाइपावर सरकवा, पीव्हीसीचा तुकडा वर चढवा, मग उभा करा. सगळ्यांना दहा मीटर मागे घ्या. पंप मारणारा पाच मीटरवर, डोळ्यांवर चष्मा. ६० झाले की मोठ्याने पाच ते एक मोजा आणि दोरी ओढा. सुटताना रॉकेटवर क्षणभर तीस किलोचा जोर येतो, म्हणजे पाण्यासकट त्याच्या स्वतःच्या वजनाच्या तीसपटीहून जास्त, आणि सगळं पाणी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास संपतं. नीट पाहायचं असेल तर मोबाईलवर स्लो मोशन लावून ठेवा.

दोरी ओढूनही सुटलं नाही तर कुणीही जवळ जायचं नाही, पायाने हलवायचं नाही. कॉकची दोरी ओढा, काटा शून्यावर येऊ द्या, वर एक मिनिट थांबा. बहुतेक वेळा एखादं टाय पीव्हीसीच्या तुकड्यात वाकडं अडकलेलं असतं. ओ-रिंगला थोडं साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, त्याला माती चिकटते. दाब ४० च्या पुढे चढतच नसेल तर ओ-रिंग पाहा. तिच्यावर धुळीचा एखादा कण असला तरी हवा गळते.

दर उड्डाणानंतर बाटली उन्हाकडे धरून गळा आणि बूड पाहा. चीर दिसली नाही तरी दहा उड्डाणांनंतर ती बदला, आणि काढलेल्या बाटलीला कात्रीने मधोमध कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून तिच्यात हवा भरणार नाही.

नमस्कार.