बाळ रडलं, आता आईकडे बघा
(साताऱ्यात रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, आशाताई आणि पोलीस यांच्यासमोर एका परिचारिकेनं केलेलं भाषण, संपादित)

मघाशी चहाच्या वेळी एका चालकदादांनी विचारलं, "ताई, घाटातच बाळंत व्हायला लागली तर गाडी पळवायची की थांबवायची?" तिथूनच सुरुवात करते. कळा लागोपाठ यायला लागल्या, बाई आपसूक जोर करायला लागली, "संडासला लागलीय" म्हणाली, आणि बाळाचं डोकं दिसलं, तर गाडी कडेला घ्या. यवतेश्वरचा घाट असो की कुंभार्लीचा, वळणं घेत पळणाऱ्या गाडीत बाळ झेलता येत नाही. पंखा बंद करा, खिडक्या लावा, हात धुवा, हातमोजे घाला. एकानं फोनवर डॉक्टर गाठायचा.

आपल्या जिल्ह्यात ही वेळ येतेच. तापोळा-बामणोलीच्या पलीकडच्या काही गावांतल्या बाईला आधी लाँचनं शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडावा लागतो, गाडी त्यानंतर. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या कराड-फलटण भागात कोप्या घालून राहतात. त्यातली पोटुशी बाई दिवस भरेपर्यंत मोळ्या उचलते आणि तिचे तपासणीचे कागद बऱ्याचदा गावाकडं राहिलेले असतात. म्हणून पोचल्या पोचल्या विचारा: कितवी खेप, किती महिने, जुळं सांगितलंय का, आधी सिझर झालंय का, अंगावरून रक्त जातंय का.

डोकं बाहेर येताना हात नुसता टेकवून ठेवायचा, ते झटक्यात सुटू नये एवढ्यासाठी. ओढायचं नाही. वरून पोट दाबायचं नाही, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी नाही. मानेभोवती नाळ असेल आणि सैल असेल तर डोक्यावरून हलकेच काढा. मूल पायाळू असेल तर हात आणखी आवरा. बाळ आलं की कोरड्या कापडानं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, डोकं झाका, दोघांवर मिळून एक पांघरूण घाला. रडलं नाही तर पाठ चोळा. तरीही श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत मास्क-पिशवीनं श्वास द्यायला लागा. बाळ ठीक असेल तर नाळ कापायची घाई नको, तिचे ठोके थांबू द्या. ऊसतोडीच्या कोयत्यानं कापलेली नाळ मी पाहिली आहे. बांधायला-कापायला निर्जंतुक साहित्य नसेल तर तशीच राहू द्या.

आता ज्यासाठी मी आज आले, ते सांगते. मी नोकरीला नवी होते तेव्हा एक बाई जीपमध्ये बाळंत होऊन आमच्याकडे आली. मुलगा झाला होता आणि चांगला रडत होता. सगळी माणसं त्याच्याभोवती. ही मागच्या सीटवर, अंगाखाली गोधडी. दोनदा पाणी मागितलं म्हणे. खाली रक्ताचं थारोळं दिसलं नाही, कारण सगळं गोधडीनं पिऊन टाकलं होतं. मी मनगट धरलं तेव्हा हात गार पडला होता. ती वाचली नाही. ती गोधडी उचलताना किती जड लागली, ते मी अजून विसरलेले नाही.

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त जात असतं. वार, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती, सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. पिशवीचे स्नायू आवळले की त्या दाबल्या जातात. पिशवी सैल राहिली तर रक्त वाहतच राहतं. "बाळंतिणीच्या अंगावर जायचंच" हे खरं आहे, पण अर्धा लिटर, म्हणजे पाण्याची छोटी बाटली भरेल इतकं गेलं, किंवा स्वच्छ कापडाची घडी पाच मिनिटांत भिजली, तर ते नेहमीचं नाही.

नाळ धरून वार ओढू नका, तिला अर्धा तासही लागू शकतो. पडली की प्लास्टिकच्या पिशवीत भरून सोबत आणा. मग बेंबीच्या आसपास हात ठेवा. गर्भपिशवी मऊ लागली तर घट्ट होईपर्यंत गोल गोल चोळा. बाळ अंगावर पाजायला लावा. लघवी तुंबली असेल तर करू द्या. ज्यांना परवानगी आहे त्यांनी पोटात दुसरं मूल नाही याची खात्री करून 10 युनिट ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भपिशवी आवळणारं इंजेक्शन, मांडीत द्यायचं. रक्तस्राव चालूच राहिला तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्त थांबवायला मदत करणारं औषध लागतं, आणि ते बाळंतपणानंतर 3 तासांच्या आतच. म्हणून बाळाच्या जन्माची वेळ हातावर पेनानं लिहा. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पिशवी, नाडी आणि अंगाखालचं कापड बघा. हात घालून बघा.

झटके आले तर डाव्या कुशीवर वळवा. तोंडात चमचा, कांदा काही नको. कळवून लगेच निघा, दवाखान्यात झटक्यांवरचं औषध, मॅग्नेशियम सल्फेट, तयार राहील.

टेबलावर कापडाखाली दोन वस्तू आहेत, त्या दोन बायांच्या गर्भपिशव्या समजा. एक मळलेली कणीक आहे, दुसरी नारळ. एकेकानं पुढं या, डोळे मिटा, हात लावून सांगा यातल्या कुठल्या बाईजवळून तुम्ही उठू शकत नाही. चालकदादा, तुम्ही आधी या.