शून्य गुणवाला रसेल सरस कसा? विल्यम्स, २०१९

नमस्कार मंडळी! २०१९ च्या फॉर्म्युला वनचा गुणतक्ता काढा आणि थेट तळाला या. एकोणिसावा रॉबर्ट कुबित्सा, एक गुण. विसावा जॉर्ज रसेल, शून्य. दोघेही विल्यम्स या टीमचे ड्रायव्हर. तक्ता बघून कुणीही म्हणेल की कुबित्सा सरस. मला हे साफ अमान्य आहे, आणि का ते आज नीट उलगडून सांगतो.

आधी तो गुण आला कुठून ते बघू. हॉकेनहाइम, जर्मनी. पाऊस, घसरणाऱ्या गाड्या, भलेभले भिंतीत. त्या गोंधळात कुबित्सा बारावा आला, रसेल तेरावा. गुण पहिल्या दहांनाच, म्हणजे दोघांनाही गुण नाही. पण शर्यत संपल्यावर पुढे असलेल्या अल्फा रोमिओ टीमच्या दोन्ही गाड्यांना सुरुवातीच्या वेळच्या क्लचच्या नियमभंगासाठी प्रत्येकी ३० सेकंदांचा दंड झाला आणि कुबित्सा दहाव्या जागी सरकला. विल्यम्सचा अख्ख्या मोसमातला हा एकमेव गुण.

शेवटच्या रांगेतल्या टीमसाठी गुण हे मोजमापच नाही. ते इतरांच्या पडझडीतून मिळतात, आणि त्या दिवशी तुमच्या दोन गाड्यांपैकी कुठली पुढे होती एवढ्यावर ठरतात.

मग मोजायचं कशावर? क्वालिफायिंगवर, म्हणजे शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या तीन फेऱ्यांच्या वेळेच्या चढाओढीवर. इथे हळू गाडीचा एक फायदा आहे, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. वरच्या टीममध्ये एक ड्रायव्हर तिसऱ्या फेरीत जातो, दुसरा दुसऱ्या फेरीतच गळतो. दरम्यान ट्रॅकवर रबर बसतं, तो वेगवान होतो, आणि दोघांच्या वेळा एका पारड्यात टाकता येत नाहीत. विल्यम्सचे मात्र दोघेही बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत बाद. तीच १८ मिनिटं, तोच डांबर, तेच टायर. यापेक्षा स्वच्छ तुलना मिळत नाही.

आणि तिथला हिशेब काय? २१ शर्यती, एकवीसही वेळा रसेल पुढे. हंगेरीत तर तो सोळावा आला. रिकार्डोची रेनो मागे, रेसिंग पॉइंटच्या दोन्ही गाड्या मागे. त्याच गाडीत कुबित्सा विसावा, जवळपास १.३ सेकंद मागे. जिथे हजाराव्या भागावरून जागा ठरतात, तिथे हे अंतर प्रचंड आहे.

आता कुबित्साची बाजू, कारण ती ऐकल्याशिवाय निकाल देणं अन्याय होईल. दोन्ही गाड्या खरंच सारख्या होत्या का? गाडी दर आठवड्याला वेगळीच वागते असं तो सांगत होता, आणि मी ते उडवून लावणार नाही. या टीमची गाडी बार्सिलोनाच्या चाचण्यांना अडीच दिवस उशिरा उतरली होती. पुढेही सुट्या भागांची कायम चणचण. बाकूला गटाराचं झाकण उसळून रसेलच्या गाडीची चॅसी (मुख्य सांगाडा) निकामी झाली. सोचीला रसेल भिंतीवर आदळल्यावर टीमनं कुबित्साची चालती गाडी आत बोलावून उभी केली, का तर पुढच्या शर्यतीसाठी भाग वाचावेत म्हणून! अशा ठिकाणी गाड्या तंतोतंत सारख्या असतील, असं छातीठोकपणे कोण म्हणेल?

शिवाय २०११ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या रॅलीच्या अपघातात कुबित्साचा उजवा हात जवळजवळ तुटला होता. २०१० नंतर थेट २०१९ ला तो शर्यतीत उतरला. मधल्या काळात टायरची कंपनी बदलली, हायब्रिड इंजिनं आली. समोर टीममेट कोण, तर आदल्या वर्षीचा फॉर्म्युला टूचा (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीचा) विजेता.

हे सगळं धरूनही माझं मत ठाम आहे. भागांच्या फरकानं चार-पाच शनिवार बिघडतील, एकवीस नाही. २०२० मध्ये साखीरला रसेलला एका शर्यतीपुरती हॅमिल्टनची मर्सिडीज मिळाली. त्या गाडीची सवय नाही, कॉकपिटमध्ये पाय नीट मावत नाहीत, आणि तरी पहिल्याच क्वालिफायिंगमध्ये तो मर्सिडीजचा नेहमीचा ड्रायव्हर बोटासच्या फक्त ०.०२६ सेकंद मागे राहिला.

आणि कुबित्सा संपला, असं मात्र कुणी म्हणू नका. २०२५ ची ले मान्सची २४ तासांची शर्यत त्यानं फेरारीतून जिंकली, आणि शेवटच्या टप्प्यात गाडी त्याच्याच हातात होती.