कुत्र्याच्या नाकाला कळणारा ताण

[दृश्य: रिकामी खोली, एक खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ. फक्त आवाज.]

९००० मधून १७ वजा करा. ८९८३. पुन्हा १७. ८९६६. पुन्हा १७.

कागद नाही, पेन नाही. समोर संशोधक बसलेले. उत्तर बरोबर आलं तर कुणी काहीच बोलत नाही. चुकलं की "नाही" एवढंच ऐकू येतं आणि शेवटच्या बरोबर आकड्यापासून पुन्हा मोजायचं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातला हा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या गणिताचं काम एकच होतं, माणसाच्या अंगावर ताण आणणं. तो ताण कुत्र्याला वासावरून ओळखता येतो का, हे पाहायचं होतं.

[दृश्य: गॉजचा तुकडा, काचेची कुपी.]

गणिताच्या आधी एकदा आणि गणित संपल्यावर एकदा, गॉजच्या तुकड्यानं मानेचा घाम टिपायचा, तो कुपीत घालायचा, त्यावर श्वास सोडायचा आणि झाकण लावायचं. धूम्रपान करणारे यात घेतले नव्हते. नुकतंच काही खाल्लेलं, प्यायलेलंही चालणार नव्हतं, कारण चहाचा किंवा तंबाखूचा वास श्वासात उतरतो आणि कुत्रा भलत्याच गोष्टीच्या मागे लागतो. शेवटी ३६ जणांचे नमुने निवडले. ज्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब खरोखर वाढले होते आणि ज्यांनी स्वतःही "ताण आला" असं सांगितलं होतं, फक्त त्यांचे. नमुने ३ तासांच्या आत कुत्र्यांपुढे ठेवले गेले.

या प्रयोगाची सगळ्यात पक्की बाजू म्हणजे दोन्ही नमुने एकाच माणसाचे होते आणि काही मिनिटांच्या अंतरानं घेतलेले होते. दोन वेगळ्या माणसांचे घेतले असते, तर कुत्रा ताण ओळखतोय की नुसता माणूस, हे कळायला मार्गच उरला नसता.

[दृश्य: तीन कुप्या लावलेला स्टँड. कुत्रा एकेकीजवळ नाक नेतो आणि एका ठिकाणी थबकतो.]

ट्रिओ, फिंगल, सूट आणि विनी. चौघंही घरात पाळलेले कुत्रे. आधी त्यांना ताणाचा नमुना आणि दोन कोरे गॉज यांतला फरक शिकवला. मग खरी परीक्षा: एका कुपीत ताणाचा वास, दुसरीत त्याच माणसाचा शांत असतानाचा वास, तिसरीत कोरा गॉज. अशा ७२० खेपा झाल्या आणि ६७५ वेळा कुत्रा बरोबर कुपीपाशी थांबला. नुसत्या अंदाजानं तीनात एकदा, म्हणजे २४० च्या आसपास बरोबर आले असते.

ताणाची कुपी कुठली, हे कुत्र्याला हाताळणाऱ्या माणसालाही सांगितलेलं नव्हतं. ही काळजी का घ्यावी लागते, याचं उत्तर शंभर वर्षांहून जुनं आहे.

[दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र, बर्लिनचं अंगण, घोडा.]

हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरं खूर आपटून देत असे. १९०४ मध्ये त्याच्यासाठी समिती नेमली गेली. मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी पुढे बारकाईनं तपासलं तेव्हा दिसलं, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्स चुकतो. माणूस प्रश्न विचारून किंचित पुढे झुकायचा आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं नकळत वर व्हायचं. घोडा ते पाहून थांबायचा. हान्सला गणित येत नव्हतं, पण समोरच्या माणसाच्या अंगावरची इतकी सूक्ष्म हालचाल तो टिपत होता. आमच्या मते तेही कमी नाही.

आता बेलफास्टचा प्रयोग काय सांगत नाही, तेही पाहायला हवं. ताणाचा वास वेगळा असतो आणि शिकवलेला कुत्रा तो निवडू शकतो, इथपर्यंतच तो पोचतो. तो वास आल्यावर कुत्र्याला काही वाटतं का, हा प्रश्न तसाच राहिला होता.

[दृश्य: जमिनीवर वाटी. कुत्रा दूर उभा, पाय उचलावा की नाही अशा बेतात.]

ब्रिस्टल विद्यापीठानं २०२४ मध्ये तो प्रश्न पुढे नेला. १८ कुत्रे. एका जागी ठेवलेल्या वाटीत खाऊ असतो, दुसऱ्या जागी ठेवलेली रिकामी असते, एवढं त्यांना शिकवलं. मग वाटी या दोन जागांच्या मधे कुठेतरी ठेवली. आशा असेल तर कुत्रा धावत जाईल, नसेल तर रेंगाळेल. अनोळखी, ताणाखालच्या माणसाचा वास दिला होता तेव्हा रिकाम्या जागेच्या जवळच्या वाटीकडे कुत्रे कमी वेळा गेले. घरच्या माणसाचा नव्हे, परक्याच्या ताणाचा वास, आणि तरी कुत्र्याचा निर्णय बदलला.

आवाज आणि चेहरा यांतूनही त्याला बरंच कळतं. बुडापेस्टला १३ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न बांधता निश्चल पडून राहायला शिकवलं होतं. २०१६ च्या त्या अभ्यासात मेंदूतला आनंदाशी जोडलेला भाग तेव्हाच जागा झाला, जेव्हा कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात आला. सपाट आवाजातल्या "शाब्बास"नं ते होत नाही.

[दृश्य: फाटलेली उशी. कोपऱ्यात मान खाली घातलेला कुत्रा.]

हा चेहरा प्रत्येक पाळणाऱ्या घराला माहीत आहे. "बघा, याला कळतंय यानं काय केलंय ते." इथेच आपली सर्वांत मोठी चूक होते आणि तिची किंमत कुत्रा मोजतो.

न्यूयॉर्कमध्ये संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर हे तपासलं. अभ्यास २००९ चा. मालकानं "खायचं नाही" असं बजावून खोलीबाहेर जायचं. मागे कुत्रा बिस्कीट खाई किंवा ते उचलून घेतलं जाई. परतलेल्या मालकाला कधी खरं सांगत, कधी खोटं. अपराधी चेहरा कुत्र्यानं बिस्कीट खाल्लं की नाही यावर ठरत नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा, आणि काहीही न केलेल्या कुत्र्यांना ओरडा बसला तेव्हा तो सर्वांत ठळक होता. म्हणजे तो आपल्या रागाला दिलेला प्रतिसाद आहे. दोन तासांपूर्वी फाडलेल्या उशीचा त्याच्याशी संबंध नाही. आपण घरी आलो की राग येतो, एवढंच तो शिकतो, आणि दुसऱ्या दिवशी दार वाजल्याबरोबर पलंगाखाली जातो.

[दृश्य: जवळून घेतलेली दृश्यं, संथ गतीत.]

तो ताणात आहे हे ओळखायच्या खुणा बारीक असतात. खाणं समोर नसताना नाकावरून जीभ फिरवणं. झोप आलेली नसताना जांभई. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं. कान मागे, शेपूट पायांत, एक पंजा उचलून धरलेला. पाण्यात न भिजताही अंग झटकणं.

आपलं रडणं कुत्र्याला जाणवतं का, याची घरी एक साधी चाचणी करता येते. तिची मांडणी लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयाच्या २०१२ च्या अभ्यासातून आली आहे. तिथे १८ पैकी १५ कुत्रे रडणाऱ्या माणसाजवळ गेले होते, तो परका असला तरी.

मोबाइल कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकाला टेकवून ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. दोघं जण जमिनीवर बसा. खिशात खाऊ नको. २० सेकंद एकानं गाणं गुणगुणायचं, मग २ मिनिटं साध्या गप्पा, मग त्यानंच २० सेकंद रडण्याचा आवाज काढायचा. गुणगुणणं वगळू नका. कुत्रा नुसत्या विचित्र आवाजाच्या कुतूहलानं येतोय का, हे त्याशिवाय समजत नाही.

चाचणी बहुतेकदा बिघडते ती बसण्याच्या पद्धतीमुळे. रडताना माणूस पुढे वाकतो, चेहरा झाकतो, आणि वाकणं हे कुत्र्याला खेळायचं बोलावणं वाटू शकतं. म्हणून गुणगुणतानाही तसंच वाकून बसा. नाव घेऊ नका, त्याच्याकडे बघू नका. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा आणि तिथेच थांबा. जवळ आल्यावर कुरवाळलं जातं हे त्याला समजलं, की तिसऱ्या दिवशी तो कुरवाळून घ्यायलाच येईल. घाबरट किंवा पूर्वी चावलेल्या कुत्र्यावर ही चाचणी करू नका. वर सांगितलेल्या खुणा दिसल्या की लगेच थांबा.

[दृश्य: पारदर्शक दार. पलीकडे खुर्चीत बसलेला माणूस.]

आणि तो आलाच नाही तर? अमेरिकेत ३४ कुत्र्यांवर झालेल्या २०१८ च्या अभ्यासात मालक चुंबकांनी अडकवलेल्या पारदर्शक दारामागे बसून रडायचा किंवा गुणगुणायचा. नाकानं ढकललं की दार उघडे. रडणं ऐकून दार उघडणाऱ्यांनी ते गुणगुणणं ऐकणाऱ्या कुत्र्यांपेक्षा बरंच लवकर उघडलं, आणि रडणं ऐकूनही न उघडणाऱ्यांपेक्षा त्यांच्या अंगावर ताणाच्या खुणा कमी होत्या. न उघडणाऱ्यांपैकी काही जण स्वतःच इतके अस्वस्थ होते, की त्यांना जागचं हलता येईना.

[दृश्य: दाराशी उभा कुत्रा. जीभ नाकावरून फिरते. नजर आत.]