मोटर जिथे बसते

पुण्याला समुद्र नाही, धरणं आहेत. खडकवासल्याला पीकॉक बेमध्ये एनडीएचे कॅडेट शिडाच्या बोटी चालवतात, पानशेतच्या पाण्यावर फायबरच्या मोटरबोटी धावतात. तसलीच एक बोट धायरीतल्या या शेडमध्ये लाकडी घोड्यांवर चढवली आहे. नाळ, म्हणजे पुढचं टोक, भिंतीकडे; पाठ आपल्याकडे. काम पाठीचंच आहे.

या मागच्या उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. आउटबोर्ड मोटरचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या मोटरचं, वजन आणि रेटा, दोन्ही हिच्यावर. आतून-बाहेरून फायबरची कातडी, मध्ये प्लायवूडचा गाभा. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपत राहिलं आणि गाभा कुजला. आतली कातडी कापून तो खरवडून काढला, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आयएस ७१० चा मरीन प्लाय आणला, रेझिनमध्ये बसवला, वरून काचतंतूंच्या मॅटचे थर दिले.

आता ही ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी धरलेली पाहा. पट्टी आणि ट्रान्सम यांच्यातल्या फटीतून उजेड येतोय.

असं का झालं? गाभा काढल्यावर बाहेरची कातडी एकटी उरते. आधार गेला की ती वाकेल तशी वाकते. शिकंजे जिथे आवळले तिथे आत गेली, मधल्या जागी फुगली, आणि रेझिन तशाच आकारात कडक झालं. मागे एक जाड, सरळ फळी टेकवून मग शिकंजे लावले असते, तर आजचं निम्मं काम वाचलं असतं.

हेल्पर विचारतो, "मिस्त्री, लांबी (पुट्टी) भरून घेऊ का?"

"अरे, लांबी रंगाखाली चालते. मोटर आवळलीस की लांबीचा भुगा होईल."

सगळा मुद्दा इथेच आहे. दिसायला सपाट करणं वेगळं आणि दाब सोसेल असं सपाट करणं वेगळं. गाड्यांच्या डेंटिंगची सवय असलेले हात इथे हमखास चुकतात.

आधी ठोकून पाहायचं. हातोडीच्या दांड्याने सगळीकडे टकटक. आवाज भरीव आला तर ठीक. पोकळ आला, तर प्लाय आणि कातडी तिथे चिकटलेलीच नाहीत. बारीक भोकं पाडून सिरिंजने एपॉक्सी, म्हणजे जास्त घट्ट चिकटणारं रेझिन, सोडायची. हे झाल्याशिवाय वरचं काहीही करण्यात अर्थ नाही.

मग पट्टी फिरवत पेन्सिलीने उंचवटे गिरवायचे. ग्राइंडर त्यांच्यावरच, तोही बेताने. फायबर संपून प्लायचं लाकूड दिसू लागलं, तर पाण्याला नवी वाट मिळाली.

खोलगट भाग भरायला एपॉक्सीत सिलिका आणि दळलेले काचतंतू घालून घट्ट लगदा केलाय. मोटरच्या जागी हाच हवा, पोकळ सूक्ष्म गोळ्यांची हलकी पावडर नको. थर मात्र एकदम जाड द्यायचा नाही. एपॉक्सी कडक होताना स्वतःच तापते, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये ती डब्यातच धुमसायला लागते.

आता मिस्त्रींची युक्ती. सनमायका लावलेला एक सपाट बोर्ड, त्यावर मेण. ओल्या लगद्यावर तो दाबून शिकंज्यांनी हलकेच धरला. दुसऱ्या दिवशी बोर्ड सुटला आणि खाली त्याच्याच इतका सपाट पृष्ठभाग मिळाला. तासन्‌तास घासण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

कडक झालेल्या एपॉक्सीवर अनेकदा मेणचट थर येतो, पावसाळ्यात जास्तच. तो आधी पाण्याने धुवायचा, मग पॉलिश पेपर. उलट केलं की तो थर खरखरीत ओरखड्यांत रगडला जातो आणि पुढचा थर सुटतो.

जाडी डावीकडे-उजवीकडे कॅलिपरने मोजली. फरक राहिला तर मोटर तिरकी बसते.

शेवटी बोल्टची भोकं. लागतात त्याहून मोठी पाडायची, एपॉक्सीने बुजवायची आणि त्या भरावातून योग्य मापाचं भोक पाडायचं. म्हणजे बोल्टचं पाणी प्लायला लागतच नाही. रंगासाठी टू-पॅक पीयू, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग, निवडलाय, कारण पॉलिएस्टरचा जेलकोट (फायबरच्या बोटीचा बाहेरचा रंगीत थर) एपॉक्सीवर भरवशाने धरत नाही.