मुतखड्यानंतर टाच

म्युनिक, ७ फेब्रुवारी १९८०. रुग्ण पाण्याने भरलेल्या टबात आहे. अंगावर कुठे चीर नाही. टबाच्या तळाशी ठिणगी पडते, तिने उठवलेली दाबलहर (‘शॉकवेव्ह’) पाण्यातून शरीरात शिरते आणि मूत्रपिंडातल्या खड्यावर आदळते. अशा बऱ्याच माऱ्यांनंतर खड्याचा चुरा लघवीवाटे निघून जातो. डॉ. क्रिस्टियान शॉसी यांनी माणसावर केलेला हा पहिला उपचार. यंत्र डॉर्निअर या विमान कंपनीचं! अतिवेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूचं काय होतं, याच्या अभ्यासातून ते जन्मलं.

मग हीच लहर हाडांकडे आणि स्नायूंकडे वळली. न जुळणारं हाड, खांदा, कोपर. २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टाचदुखीसाठी अशा यंत्राला मान्यता दिली.

आज पुण्या-मुंबईच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ‘शॉकवेव्ह’ म्हणून जे दिसतं, ते बऱ्याचदा वेगळं असतं. हातातल्या या नळीत हवेच्या दाबाने धातूचा छोटा तुकडा टोकावर आपटतो. ठक-ठक-ठक. त्याचा जोर त्वचेपाशी सर्वाधिक, आत जाताना तो विरत जातो. मुतखडा फोडणारी ती केंद्रित लहर मात्र खोलवर, ठरलेल्या जागी एकवटते. जाहिरातीत दोन्हींचं नाव एकच, म्हणून यंत्र कुठलं ते विचारून घ्यावं.

टाचेत फोडायचं काही नसतं. सकाळी पहिलं पाऊल टेकताच कळ येते, ती तळव्याचा चिवट पट्टा हाडाला जिथे जोडलेला असतो तिथे. माऱ्यामुळे तिथली रखडलेली दुरुस्ती पुन्हा सुरू होते, असं मानतात. नेमकी कशी, यावर एकमत नाही. एका वेळी साधारण दोन हजार ठोके, आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच वेळा. ठोके बसताना दुखतं, हेही आधीच सांगायला हवं.

गुण येतो? २००२ साली ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या १६६ रुग्णांवर चाचणी झाली. खरा मारा आणि नावापुरता मारा, दोन्हींत फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी, खांद्यात कॅल्शियम साचलेल्या १४४ रुग्णांच्या चाचणीत मात्र स्पष्ट फायदा दिसला. त्यामुळे ‘कुठल्याही दुखण्यावर रामबाण’ असं कुणी सांगितलं, तर सावध व्हावं.

गरोदरपणात, रक्त गोठण्याचा विकार असताना किंवा त्या जागी कर्करोगाची गाठ असेल तर हा उपचार टाळतात. बाकीच्यांनी आधी पोटरी-तळव्याचे ताणाचे व्यायाम करावेत, चप्पल बदलावी. काही महिन्यांनीही टाच ऐकत नसेल, तर या यंत्राचा विचार करावा.