पैसा कोण देतं?

[दृश्य: मॅडिसन स्क्वेअर गार्डन, कृष्णधवल]

न्यू यॉर्क, २० फेब्रुवारी १९३९. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं ३० फुटी चित्र, आजूबाजूला अमेरिकेचे झेंडे आणि स्वस्तिकं. समोर २० हजारांवर माणसं. संघटना जर्मन-अमेरिकन बुंड, म्हणजे हिटलरच्या नाझींचे अमेरिकेतले समर्थक. बोलतोय तिचा पुढारी फ्रिट्झ कून.

आता हा तरुण पाहा. व्यासपीठावर धावून गेला, गणवेशातल्या पहारेकऱ्यांनी त्याला खाली पाडलं.

(निवेदन थांबतं. मारहाण पूर्ण दिसू द्यावी.)

दंड झाला त्या तरुणालाच. २५ डॉलर.

[दृश्य: कॅपिटॉल, अमेरिकेचं संसद भवन]

या मंडळींची चौकशी पाच वर्षं आधीच झाली होती. बुंडच्या आधीची संघटना होती फ्रेंड्स ऑफ न्यू जर्मनी. खासदार सॅम्युएल डिकस्टीन तिच्या मागे लागले, आणि मार्च १९३४ मध्ये प्रतिनिधीगृहाने विशेष समिती नेमली. अध्यक्ष जॉन मॅकॉर्मॅक, उपाध्यक्ष डिकस्टीन.

कामाची पद्धत नीट समजून घ्यायला हवी. आधी समन्स. मग बंद दाराआड, शपथेवर जबानी, म्हणजे नुसत्या ऐकीव आरोपावरून कुणाचं नाव वर्तमानपत्रात जात नाही. जाहीर सुनावणी त्यानंतर. सर्वांत मोलाचा प्रश्न एकच: पैसा कोण देतं? प्रसिद्धी क्षेत्रातले नावाजलेले आयव्ही ली यांना तो विचारला, तेव्हा आय. जी. फार्बेन ही जर्मन कंपनी त्यांना वर्षाला २५,००० डॉलर देते, हे नोंदीवर आलं.

[दृश्य: स्मेडली बटलर, कॅमेऱ्यासमोर]

हे निवृत्त मेजर जनरल बटलर. पाच लाख माजी सैनिक घेऊन राजधानी वॉशिंग्टनवर चालून जा, असा प्रस्ताव एका रोखे विक्रेत्याने आणल्याचं त्यांनी समितीला सांगितलं. विक्रेत्याने इन्कार केला. अशी योजना चर्चेत होती, हे समितीने अहवालात मान्य केलं. मात्र छापलेल्या जबानीतून काही बड्या लोकांची नावं गाळली. ही समितीची मोठी चूक. गाळलेल्या ओळींमुळे उरलेल्या पुराव्यावरही संशय घेतला गेला.

[दृश्य: वर्तमानपत्रांचे मथळे]

समितीच्या शिफारशीतून १९३८ मध्ये परकीय हस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. खुद्द डिकस्टीन काही काळ सोव्हिएत हेरखात्याकडून महिना १,२५० डॉलर घेत होते, हे अनेक दशकांनी उघड झालं.

[दृश्य: पुन्हा व्यासपीठ, कून]

कून अडकला तो हिशेबात. बुंडच्याच निधीचा अपहार. डिसेंबर १९३९, अडीच ते पाच वर्षांची शिक्षा.